निवृत्तीनंतरचा मेडिक्लेम: आधी दवाखाना ठरवा, मग पॉलिसी

भाऊ, उत्तराचा रोख कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही अमळनेरचे, नोकरी जळगाव एमआयडीसीत, येत्या मार्चमध्ये ५८ पूर्ण करून निवृत्त होणार. तुम्हाला बीपी आहे, वहिनींना शुगर. कंपनीची तीन लाखांची ग्रुप पॉलिसी सहा वर्षांपासून दोघांना लागू आहे. पुण्याच्या मुलानं त्याच्या कंपनीच्या पॉलिसीत तुमची दोघांची नावं टाकली आहेत, ती पाच लाखांची. ओळखीचा एजंट दहा लाखांची नवी पॉलिसी घ्या म्हणतो. शेजारी म्हणतात, आता सरकारी कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार फुकट होतात, हप्ता कशाला भरायचा? यातलं काय धरावं, असं तुम्ही विचारलंय.

माझी नोकरीची बरीच वर्षं जळगावात दवाखान्याच्या कॅशलेस टेबलावर गेली आणि आता क्लेमचीच कामं बघतो. लोक पॉलिसी घेताना रक्कम विचारतात आणि हप्ता विचारतात. क्लेम मात्र वेगळ्याच ठिकाणी अडतो. म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न असा: उद्या मोठं दुखणं आलं तर तुम्ही गाडी कुठल्या दिशेला काढणार?

हा प्रश्न आपल्या खान्देशात फार महत्त्वाचा आहे. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, डेंग्यू, साधं फ्रॅक्चर हे अमळनेर, धुळे, जळगावात होऊन जातं. पण हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली की घरातले नाशिक, मुंबई, संभाजीनगरचा विचार करतात. शहादा, नंदुरबार, नवापूरकडची माणसं सरळ सुरतेला जातात, आणि तुमचं अमळनेरही त्याच सुरत लाईनवर आहे. तुमचा मुलगा पुण्यात, म्हणजे पुणेही आलं. पॉलिसी मात्र अमळनेरच्या पत्त्यावर निघणार. इथंच झोनचा मुद्दा येतो. बऱ्याच कंपन्या गावांचे झोन पाडतात. मुंबई-पुण्याचा झोन महाग, आपल्याकडचा स्वस्त. काही कंपन्यांनी सुरतही वरच्या झोनमध्ये ठेवलं आहे. खालच्या झोनचा हप्ता भरून वरच्या झोनमध्ये उपचार घेतले, तर काही पॉलिसींमध्ये बिलाचा ठरावीक टक्का आपल्यावर येतो. एजंट हे सांगतोच असं नाही, कारण खालच्या झोनचा हप्ता ऐकायला बरा वाटतो आणि सौदा लवकर होतो. तुम्ही स्वतः विचारा: "अमळनेरच्या पत्त्यावर घेतली आणि मुंबईत किंवा सुरतेत ॲडमिट झालो, तर किती टक्के कापाल?" उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या शब्दांत दाखवायला सांगा. झोनचं कलमच नसलेल्या पॉलिसीही मिळतात. नाहीतर थोडा जास्त हप्ता भरून वरचा झोन आधीच घेता येतो. तुमच्यासारख्या घराला मी हाच खर्च करायला सांगेन.

आता वेळेचं बघू. तुमच्या हातात आज जी सर्वांत किमती गोष्ट आहे ती तुम्ही प्रश्नात सहज एका ओळीत लिहून गेलात: कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतली सहा वर्षं. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्या सदस्याला आणि त्याच्या घरच्यांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली पॉलिसीत जाण्याचा हक्क आहे. याला मायग्रेशन म्हणतात. असं गेलं की ग्रुपमध्ये काढलेला काळ प्रतीक्षा कालावधीत, म्हणजे काही आजारांचे पैसे मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळात, धरला जातो. नवी कोरी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी, म्हणजे तुमचा बीपी आणि वहिनींची शुगर, कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते. २०२४ च्या एप्रिलपूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. शिवाय मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघ्याचा सांधा बदलणं अशा ठरावीक दुखण्यांना साधारण दोन वर्षांची वेगळी थांब असते. आपल्याकडच्या उन्हात मुतखड्याचे पेशंट किती निघतात ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे ही दोन वर्षं कागदापुरती राहत नाहीत.

पण मायग्रेशनमध्ये एक गोष्ट नीट समजून घ्या. जुन्या काळाचं श्रेय जुन्या रकमेपुरतंच मिळतं. ग्रुप तीन लाखांचा होता आणि तुम्ही दहा लाखांची पॉलिसी घेतलीत, तर तीन लाखांना सहा वर्षांचं श्रेय मिळेल आणि वरच्या सात लाखांना प्रतीक्षा नव्यानं सुरू होईल. तरीही हे फार मोलाचं आहे. वहिनींना पुढच्याच वर्षी शुगरमुळे पायाला जखम होऊन ॲडमिट करावं लागलं, तर तीन लाख तरी हाताशी असतील. एजंटच्या कोऱ्या पॉलिसीत त्या क्लेमला नकार येऊ शकतो.

यासाठी शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. मार्चला निवृत्ती आहे, तर जानेवारीतच एचआरला लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा: ग्रुप पॉलिसीची प्रत, तुमची दोघांची नावं त्यात कोणत्या तारखेपासून आहेत याचं पत्र, आणि विमा कंपनीच्या ज्या कार्यालयातून ती निघाली त्याचा पत्ता. मधल्या सहा वर्षांत तुमच्या कारखान्यानं विमा कंपनी बदलली असेल, तर जुन्या वर्षांच्या प्रतीही मागून ठेवा. एचआरमधल्या बऱ्याच जणांना मायग्रेशन हा प्रकार माहीत नसतो, "नोकरी संपली की पॉलिसी संपली" असं ते सांगून टाकतात. त्यांच्याशी वाद घालू नका, थेट विमा कंपनीला ईमेल करा. नोकरी संपल्यावर महिना-दोन महिने घर आवरण्यात, देवदर्शनात गेले आणि मग अर्ज केला, तर मधल्या खंडामुळे सगळं श्रेय धोक्यात येतं. त्या कंपनीची सेवा पुढे पटली नाही, तर नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करून दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येतं. आज मात्र त्याच कंपनीत पाय रोवा.

अर्ज भरताना आजार लपवू नका. हे मी हात जोडून सांगतो. कॅशलेस टेबलावर बसून मी एकच प्रकार पुन्हा पुन्हा बघितला. पेशंट अत्यवस्थ असतो, डॉक्टर विचारतात शुगर कधीपासून, आणि घाबरलेला मुलगा म्हणतो, "असेल दहा-बारा वर्षांपासून." ते केस पेपरवर लिहिलं जातं. इकडे पॉलिसीच्या अर्जात मधुमेहासमोर एजंटनं 'नाही' अशी खूण करून ठेवलेली असते. कंपनी दोन्ही कागद शेजारी ठेवते आणि क्लेम नाकारते. खरं तर शुगर चार वर्षांपूर्वी निघालेली असते, पण ते सिद्ध करायला पहिला रिपोर्ट कुणाकडे सापडत नाही. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही नको, मोबाईलवर भरला असेल तर पाठवण्याआधी स्वतः वाचा. आणि घरातल्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: बीपी कधी निघाला, शुगर कधी निघाली, चालू गोळ्या कोणत्या, आधीची ऑपरेशनं कोणती. पहिला रिपोर्ट त्यालाच टाचून ठेवा. मुलाला, सुनेला, शेजाऱ्यालाही ती फाईल कुठं आहे हे माहीत हवं. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की त्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीशिवाय कंपनी जुनी माहिती उकरून क्लेम अडवू शकत नाही. आधी हा काळ आठ वर्षांचा होता. तुमच्या ग्रुपची वर्षं यातही धरली जातात, तेवढ्याच रकमेपुरती.

आता पॉलिसीतली जी कलमं खिशाला लागतात ती. खोलीभाड्याची मर्यादा सर्वांत फसवी. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीला रोज एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये, असं लिहिलेलं असतं. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. लोकांना वाटतं, वरचे ३,००० आपण भरू, झालं. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हा सगळा खर्च पाचास आठ या प्रमाणात कापला जातो. हा खर्च १,६०,००० झाला असेल तर १,००,००० मंजूर होतात, ६०,००० आपले. चार दिवसांच्या खोलीचे वरचे १२,००० वेगळे. औषधं, तपासण्या, आत बसवलेला सांधा किंवा स्टेंट यांना ही कपात लागू होत नाही, आयसीयूलाही नाही. पण ७२,००० तर गेलेच. त्यामुळे खोलीभाड्याची मर्यादा नसलेली किंवा 'सिंगल प्रायव्हेट रूम' असं स्पष्ट लिहिलेली पॉलिसी घ्या. मर्यादेची पॉलिसी आधीच गळ्यात पडली असेल, तर ॲडमिट होताना काउंटरवर आपली मर्यादा सांगून त्यातलीच खोली मागा. लाज वाटायचं कारण नाही.

दुसरं कलम को-पेचं. २० टक्के को-पे म्हणजे मंजूर दोन लाखांतले ४०,००० तुमचे, प्रत्येक वेळी. साठीनंतर नव्यानं पॉलिसी घेणाऱ्यांना काही योजनांत को-पे सक्तीचा असतो. तुम्ही ५८ चे आहात, हा फायदा आजच घ्या. वयाचा दरवाजा तसा बंद होत नाही. एप्रिल २०२४ पासून ६५ ची अट निघाली आहे आणि कोणत्याही वयात पॉलिसी मागता येते. पण मागता येणं आणि चांगल्या अटींवर मिळणं यात अंतर आहे. मोतीबिंदूची एका डोळ्यामागची मर्यादा आणि गुडघ्याची मर्यादा हेही त्याच पानावर वाचून घ्या.

दोघांची मिळून एक फ्लोटर की वेगवेगळ्या? तुमच्या घरात मी वेगवेगळ्या दोन घेईन. एकाच वर्षात दोघंही आजारी पडले तर फ्लोटरची रक्कम दोघांत वाटली जाते, आणि साठीनंतर अशी वर्षं येतात. हप्ता थोडा वाढेल. तो झेपत नसेल तर फ्लोटर घ्या, पण रक्कम दहा लाखांच्या खाली नको.

शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पाच लाखांपर्यंत आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू आहे. पूर्वी ती दीड लाखांची होती आणि पिवळ्या-केशरी कार्डांपुरतीच धरली जायची. कॅन्सरची केमो, डायलिसिस, हृदयाची ऑपरेशनं यात होतात आणि मी स्वतः कितीतरी घरं या योजनेवर तरलेली बघितली आहेत. पण तिची रीत समजून घ्या. उपचार यादीतले हवेत, दवाखाना योजनेतला हवा, आणि ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर नोंद करून मंजुरी घ्यावी लागते. आधी पैसे भरून नंतर बिल पाठवू, असं इथं चालत नाही. एखाद्या दवाखान्याची मान्यता फक्त काही विभागांपुरती असते, म्हणजे हाडांचं होईल पण हृदयाचं होणार नाही. तापाला चार दिवस भरती केलं तर खाजगी दवाखान्यात ही योजना उपयोगी पडेलच असं नाही. म्हणून मेडिक्लेम आणि योजना, दोन्ही ठेवा. रेशनकार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक निघालेला आहे का, कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे याच महिन्यात तपासा. पांढरं कार्ड कपाटात पडून असतं, लेकीचं लग्न होऊन गेलं तरी तिचं नाव त्यावर असतं, वहिनींचं नाव माहेरचं असतं. ही दुरुस्ती तहसीलमध्ये वेळ खाते आणि दवाखान्यात असताना करणं जिवावर येतं. सेतूवर किंवा योजनेच्या दवाखान्यात केवायसी करून आयुष्मान कार्ड काढून ठेवा. चौकशीला १४५५५ हा क्रमांक आहे.

सत्तरी ओलांडली की आणखी एक सोय मिळते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. खाजगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. केंद्राची आयुष्मान भारत योजना जवळपास देशभर चालते, त्यामुळे सुरतेच्या मान्यताप्राप्त दवाखान्यातही ते कार्ड दाखवता येईल. पण तुम्हाला त्याला अजून १२ वर्षं आहेत. घरात तुमचे आई-वडील असतील तर त्यांचं मात्र उद्याच काढा.

तुमच्या कारखान्यातल्या इतर मंडळींसाठीही एक गोष्ट सांगतो, कारण ती फार कमी जणांना माहीत असते. चटई, पाईप, डाळ मिलमधले बरेच कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत, असतात. किमान पाच वर्षं विमित नोकरी करून जो वयोमानानं निवृत्त होतो, त्याला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. मालकाचं प्रमाणपत्र लागतं, ते निवृत्तीच्या दिवशीच घ्या. कारखाना नंतर बंद पडला तर ते मिळवताना फार हाल होतात.

भुसावळच्या रेल्वेवाल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांनी निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरून रेल्वेची आरोग्य योजना आणि तिचं उमीद हे ओळखकार्ड घेतलं तर त्यांचा पाया पक्का. केंद्र सरकारचे जे पेन्शनर सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) केंद्राच्या हद्दीबाहेर राहतात आणि तिथल्या बाह्यरुग्ण सेवेचा लाभ घेत नाहीत, त्यांना महिन्याला १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. राज्य सरकारी किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त होणाऱ्यांनी नोकरीतली वैद्यकीय बिलांची प्रतिपूर्ती पुढेही चालेल असं गृहीत धरू नये, कार्यालयातून लेखी विचारून घ्यावं.

मुलाच्या पॉलिसीबद्दल. ती आहे तोवर जरूर वापरा, पण तिच्यावर घर बांधू नका. त्याची नोकरी बदलली, नव्या कंपनीत आई-वडिलांना जागा नसली, की ती त्या दिवशी संपते. आजकाल पुण्यात तीन वर्षांत दोन नोकऱ्या होतात. तिचा एक चांगला उपयोग आहे. पाच लाख वजावटीचा सुपर टॉप-अप वेगळा घ्या. वजावट म्हणजे पहिले पाच लाख दुसऱ्या पॉलिसीतून किंवा खिशातून गेले की वरचा खर्च हा देतो. हप्ता मूळ पॉलिसीपेक्षा बराच कमी असतो. घेताना 'सुपर' हा शब्द बघा. साधा टॉप-अप प्रत्येक भरती वेगळी मोजतो. वर्षात एकदा तीन लाख आणि एकदा चार लाख खर्च आला तर साधा टॉप-अप काहीच देणार नाही, कारण एकही बिल पाचाच्या वर नाही. सुपर टॉप-अप दोन्ही जोडून वरचे दोन लाख देतो. तुम्ही स्वतःची पाच लाखांची पॉलिसी घेऊन तिच्यावर असा दहा-पंधरा लाखांचा सुपर टॉप-अप बसवला, तर एजंटच्या दहा लाखांपेक्षा हे अनेकदा स्वस्त आणि मोठं पडतं. तो सांगतो त्या पॉलिसीचे आणि या जोडीचे आकडे शेजारी लिहून बघा.

हप्त्याचा विचार पुढच्या वीस वर्षांचा करा. आज दोघांचा मिळून ४०,००० हप्ता आहे असं धरलं आणि तो दर वर्षी १० टक्क्यांनी वाढला, तर दहा वर्षांनी तो १,०३,००० च्या पुढे जातो. साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर विमा कंपनीला आधी विमा नियामकाशी (आयआरडीएआय) बोलावं लागतं, हा आदेश जानेवारी २०२५ चा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला, तो दिलासा मोठा आहे. तरी माझं ऐकाल तर ग्रॅच्युइटीतले काही लाख वेगळ्या मुदत ठेवीत टाका, दोघांच्या नावानं, आणि तिच्या व्याजातून हप्ता भरा. जी मंडळी पेन्शनशिवाय निवृत्त होतात त्यांची पॉलिसी सत्तरीच्या आसपास, नेमकी गरज असताना, हप्त्याअभावी बंद पडते. ते बघवत नाही. त्याच ठेवीतून गाडीभाडं, नातेवाइकांची राहण्याची सोय, घरी ठेवलेली मदतनीस बाई, रोजच्या गोळ्या हा खर्च निघेल. मेडिक्लेम हे देत नाही. आयकर तुम्ही जुन्या पद्धतीनं भरत असाल तर साठीनंतर ५०,००० पर्यंतच्या हप्त्यावर सूट आहे. फक्त हप्ता रोखीनं भरू नका, सूट मिळत नाही. नूतनीकरणाची तारीख चुकली तर वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, पण त्या मधल्या दिवसांत आजार आला तर पैसे मिळत नाहीत. खात्यातून आपोआप हप्ता जाईल अशी सोय करा.

तालुक्याच्या दवाखान्याबद्दल एक खबरदारी. अमळनेर, चोपडा, पारोळ्यातले लहान दवाखाने चांगली सेवा देतात, पण क्लेमसाठी दवाखान्याची रीतसर नोंदणी लागते. ती नसेल तर दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, ऑपरेशन थिएटर अशा अटी बघितल्या जातात. नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला आहे का, हे आत्ताच आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. मेडिकलवाल्याकडून पक्कं बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर एक रुपया मिळत नाही.

पॉलिसी हातात आली की सगळी कलमं वाचायला ३० दिवस असतात. पटली नाही तर त्या मुदतीत परत करता येते आणि किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवा. कॅशलेसचा अर्ज गेल्यावर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, असा २०२४ चा नियम आहे. टेबलावरच्या माणसाला हा नियम शांतपणे सांगा आणि अर्ज पाठवल्याची वेळ लिहून घ्या.

आणि क्लेम नाकारला तर फोनवर भांडत बसू नका. नकाराचं कारण लेखी मागा, त्यात पॉलिसीचं कलम नमूद करायला लावा. कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथं चालतात, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. तुमचं एचआरचं पत्र आणि जुन्या ग्रुप पॉलिसीच्या प्रती हाती आल्या की त्यातल्या तारखा मला कळवा, मायग्रेशनचा अर्ज कसा लिहायचा ते त्यावरून सांगतो.